अनुभव धागा: कमरेला पाऊण किलो

मोंढेकरी, लातूर

मागच्या आठवड्यात जालन्याच्या एका पोराचा फोन आला. सळईचा धंदा आहे, नुकताच रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळालाय. म्हणाला, "काका, घेतली खरी, पण लावून बाहेर कसं पडायचं? आख्खा बाजार माझ्याच कमरेकडं बघायलाय असं वाटतंय." मला हसू आलं. सहा वर्षांपूर्वी माझी हीच गत होती.

त्याला सांगितलं तेच इथं लिहितो. ज्यांच्याकडं परवान्याचं हत्यार आहे, होतं, किंवा ज्यांच्या घरात आहे, त्यांनी आपापलं लिहावं. कोणती घ्यावी, कुणाची ओळख लावावी ही चर्चा नको. गावठी कट्ट्याचे किस्से तर अजिबातच नकोत.

माझी आडत आहे. सोयाबीन आणि तुरीच्या दिवसांत रोकड हलवावी लागते. एकदा औसा रोडवर मुनीमजींची बॅग गेली, डोक्याला सात टाके पडले, तेव्हा अर्ज केला. तहसील, पोलीस पडताळणी, पुन्हा एक त्रुटी, पुन्हा चकरा, असं करत दीड वर्षानं कागद हातात आला. कानपूरची .३२ रिव्हॉल्व्हर, सहा काडतुसांची. आणल्या दिवशी मी काय केलं असेल? आडतीतल्या काट्यावर ठेवून वजन केलं! काडतुसांसकट सातशे ऐंशी ग्रॅम. मनात म्हणलं, पाऊण किलोच तर आहे.

पण काटा सांगतो ते वजन वेगळं आणि कमर सांगते ते वेगळं. पहिले पंधरा दिवस मी कोट घालून फिरलो. मे महिन्यात, लातुरात. हमाल विचारायले, "शेठ, कणकण हाय का अंगात?" शेवटी शिंप्याकडं जाऊन शर्ट दोन बोटं लांब आणि घेराला सैल शिवून घेतले. त्यानं मापं घेताना एका बाजूला टेप जरा जास्त धरला, काही बोलला नाही. सगळ्यात आधी त्यालाच कळलं असावं.

शिंप्यानंतर पट्टा. साधा पट्टा वजनानं एका बाजूला लोंबतो, पँट सारखी वर ओढावी लागते आणि माणूस उगीच लाजल्यासारखा दिसतो. मग पंगत. मांडी घालून वाकलं की होल्स्टर बरगडीत घुसतो. वाढपी "अजून घ्या" म्हणतोय आणि आपण सरळ पाठीनं, मुंजीतल्या बटूसारखे बसलोय. आणि दसरा! सोनं द्यायला माणूस मिठी मारतो आणि त्याचा हात तिथंच थांबतो. चेहऱ्यावरचं हसू तसंच, पण हात पटकन मागं. एका जुन्या मित्रानं त्या वर्षापासून मिठीच सोडली, लांबून पानं देतो.

झाकून नेणं ही काही आपली हौस नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत तसंच आहे: होल्स्टरमध्ये, अंगाला बांधलेली, पूर्ण झाकलेली आणि आपल्या ताब्यात. शर्टाबाहेर मूठ ठेवून फिरणारे "लायसन हाय आपल्याकडं" म्हणतात, त्यांनी लायसनचा नियम वाचलेला नसतो.

सवय झाली हे मला कळलं ते आमच्या गंजगोलाईच्या बाजारात. मोटारसायकलवाल्या एका पोरानं गाडीला घासून वर आईवरून शिवी दिली. आधीचा मी असतो तर दार उघडून खाली उतरलो असतो, लातूरचं रक्त आहे. तोंडातून निघालं, "जाऊ द्या भाऊ, चुकलं माझं." शेजारी बसलेला लेक माझ्याकडं बघतच राहिला. चूक माझी नव्हती. पण त्या क्षणी डोक्यात एकच होतं, झटापट झाली आणि शर्ट वर सरकला तर?

निवृत्त हवालदार, परभणी

जय हिंद. फौजेत सतरा वर्षं, आता बँकेत गार्ड. माझी बारा बोअर म्हणजे लांब बंदूक, ती कमरेला लपत नाही, त्यामुळं तुमचा त्रास मला नाही. पण बँकेत येणारे परवानेवाले मी रोज बघतो. कोण लावून आलाय हे दारातच ओळखतो.

कसं? चाचपतात. पायरी चढले की एकदा, रांगेत उभे राहिले की एकदा, शिपायानं धक्का दिला की एकदा. कोपर अंगाला चिकटलेलं. अहो, मला दिसतं ते चोराला दिसत नसेल का? पहिले दोन महिने घरातल्या घरात लावून वावरा. रिकामी. लेकरं झोपल्यावर. जेवा, खाली बसा, उठा, मोरी साफ करा. हात आपोआप तिकडं जायचा थांबला की मग रस्त्यावर या.

दुसरं. फौजेत हत्यार कोतमधून, म्हणजे हत्यारांच्या कोठीतून, मोजून मिळतं आणि मोजून परत जातं. संध्याकाळी माणूस मोकळा. तुमचं कोत म्हणजे बायकोच्या साड्यांचं कपाट. तिथंच सगळे घोळ होतात.

क्रशरवाला, बीड जिल्हा

हवालदार साहेबांनी घोळाचं काढलंच आहे तर माझी चूक सांगतो, लाज सोडून.

सोलापूरहून परत येत होतो. एका ढाब्यावर थांबलो, संडासात गेलो. पट्टा सोडल्यावर होल्स्टर खाली पडू नये म्हणून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. बाहेर येऊन चहा घेतला, पैसे दिले, गाडीत बसलो. चार किलोमीटर पुढं आल्यावर सीट बेल्ट लावताना कमर हलकी लागली. ते चार किलोमीटर उलटे कसे आलो ते मला आठवत नाही. संडासाचं दार आतून बंद. बाहेर मी उभा, आत कोण आहे माहीत नाही. दोन मिनिटांनी एक ट्रक ड्रायव्हर बाहेर आला, पन्नाशीचा, खांद्यावर टॉवेल. माझं तोंड बघून म्हणाला, "वरच ठेवलंय सेठ. मी हात लावला नाही. लेकरं येतात इथं, सांभाळत जा." एवढं बोलून हात धुवायला गेला. त्याला पैसे देऊ का पाया पडू, कळंना.

आता हत्यार पट्ट्यावरून काढायचंच नाही, बसतानाही नाही, हा माझा नेम आहे.

आमच्या जिल्ह्याचं म्हणाल तर डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि परवान्यांचा सगळा विषय वर आला. बाराशेहून जास्त परवाने एका जिल्ह्यात! हवेत बार काढतानाचे, पिस्तूल नाचवतानाचे व्हिडिओ निघाले, परवाने रद्द झाले. ते बरोबरच झालं, माझं त्याबद्दल दुमत नाही. पण तेव्हापासून मुंबईच्या पाव्हण्यासमोरसुद्धा "बीडचा आणि लायसनवाला" म्हणलं की समोरचा अर्धा पाऊल मागं सरतो. तुम्ही लातूरवाले सुखी.

सीमेवरचा, उदगीर

माझी अडचण वेगळीच. सासरवाडी बिदरला. उदगीरहून तासा-सव्वातासाचा रस्ता, पण मधे कर्नाटकची हद्द लागते आणि माझा परवाना महाराष्ट्रापुरता. त्यामुळं सासऱ्याकडं जायचं म्हणलं की कपाटात ठेवून जायची. बायको म्हणते, "बरं झालं माझं माहेर तिकडं आहे. तिथं तरी तुम्ही माणसासारखे बसता."

एकदा मालाची गाडी अडली म्हणून घाईत निघालो आणि हद्दीची पाटी दिसल्यावर आठवलं की लावलेली आहे. पाटीच्या अलीकडं गाडी उभी केली, मेहुण्याला फोन करून त्यालाच इकडं बोलावलं. हिशोब रस्त्यावर बोनेटवर झाला. मेहुणा अजून चिडवतो.

घरवाली, छत्रपती संभाजीनगर

परवाना ह्यांचा आहे, पण सवय मलाही करावी लागली, म्हणून लिहिते.

आमचा मुलगा तेव्हा दुसरीत. वर्गात सांगून आला, "माझ्या पप्पांकडं खरं पिस्तूल आहे." झालं, शाळेतून बोलावणं. बाई चांगल्या होत्या, समजून घेतलं, पण तोवर सोसायटीभर झालेलं. आमच्याकडं नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे शहरातल्या माणसाला सांगायला नको. पाण्याच्या दिवशी मी आणि खालच्या काकू यांचं मोटारीवरून वाजायचंच. दहा वर्षांचं भांडण, रीतसर. ती बातमी कळल्यानंतर काकू एकदम गोड झाल्या. "तुमचं होऊ द्या आधी, आम्ही नंतर भरू." मी पाणी भरलं, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ती बाई मला भ्यायली होती. मला!

महिनाभरानं मीच खाली जाऊन मुद्दाम भांडण उकरून काढलं. पहिल्यांदा बिचकल्या, मग सुरू झाल्या. आता पूर्ववत आहे.

कपाटाची किल्ली ह्यांच्याकडं, काडतुसं दुसऱ्या कुलपात आणि ती किल्ली माझ्याकडं. ही अट मी घातली. ह्यांना पटली नव्हती. "चोर आल्यावर तुला किल्ली मागत बसू का?" मी म्हटलं, रात्री चोर येण्यापेक्षा दिवसा लेकरू कपाट उघडण्याची शक्यता जास्त आहे. हे गप्प बसले.

आणि खंडेनवमीला शस्त्रपूजा असते, तेव्हा मी सवयीनं हळदकुंकू जरा सढळ वाहते. पुढचे दोन दिवस हे कापडानं आणि तेलानं कुंकू काढत बसतात.

वकील, धाराशिव

लग्नात "दोन बार काढा की" म्हणणाऱ्या नवरदेवाच्या मामांसाठी: २०१९ च्या दुरुस्तीपासून आनंदाच्या भरात केलेला गोळीबार हा स्वतंत्र गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मी हे कलम पाठ म्हणून दाखवतो, मामा रुसतात, मी जेवून निघतो.

त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली आणि एका माणसाला ठेवता येणारी हत्यारं तीनाची दोन. आमच्याकडं आजोबांच्या काळातली, निजामी अमलातली एक लांब बंदूक होती, वडिलांची बारा बोअर आणि माझी रिव्हॉल्व्हर. एक सोडायची होती. घरात तीन दिवस वाद चालला आणि शेवटी चालणारी बारा बोअर गेली, न चालणारी आजोबांची राहिली. यावर कायद्याचं काही म्हणणं नाही.

डॉक्टर, अंबाजोगाई परिसर

लिहू की नको असं दोनदा झालं.

माझ्या दवाखान्याची एकदा तोडफोड झाली. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० चा कायदा राज्यात आहे, गुन्हा दाखल झाला, पण रात्री काच फुटल्याच्या आवाजानं जाग यायची ती येतच राहिली. म्हणून परवाना काढला. लावून फिरायची सवय मला झालीच नाही. रुग्ण तपासताना वाकावं लागतं, स्टेथोस्कोप आणि ते एकत्र नको वाटायचं. मग टेबलाच्या खणात ठेवायला लागलो.

एका रात्री सर्पदंशाचा पेशंट उशिरा आणला, हाती लागला नाही. बाहेर जमाव. केबिनचं दार ढकलून एक पोरगा आत आला, अठरा-एकोणीसचा, पायात चप्पल नाही, पिंडरीपर्यंत चिखल. माझा हात खणाच्या मुठीवर होता. खण दोन बोटं उघडलाही होता. तो पोरगा ओरडायच्या तयारीनं आलेला, पण तोंडातून शब्दच फुटेना. मग म्हणाला, "डॉक्टर, आईला काय सांगू?"

मी खण बंद केला आणि त्याच्याबरोबर बाहेर गेलो. आईला मीच सांगितलं. त्या रात्री काही फुटलं नाही. नेहमीच असं होईल असा माझा दावा नाही, काही वेळा फुटतं. पण दुसऱ्या दिवशी रिव्हॉल्व्हर घरी नेली, पुढं परवाना नूतनीकरणाला टाकलाच नाही. रीतसर जमा केली.

मोंढेकरी, लातूर

डॉक्टर, लिहिलंत ते बरं केलंत.

जमा करण्यावरून आठवलं. निवडणूक लागली की आमची हत्यारं ठाण्यात जातात. २०२४ ला दोनदा गेली, उन्हाळ्यात लोकसभेला आणि दिवाळीच्या तोंडावर विधानसभेला. ठाणे अंमलदार नंबर ताडून बघतो, पावती देतो, कापडात गुंडाळून चिठ्ठी लावतो. पहिल्या वेळी ठाण्याबाहेर आलो तर चालताच येईना, डावीकडं कलल्यासारखं व्हायलं. आठ दिवसांनी पाठीतली कळ थांबली. मिठीला न येणारा मित्र दिवाळीच्या फराळाला घरी आला, म्हणाला, "आज मोकळा आहेस ना?" आणि गच्च धरलं. निकालानंतर ठाण्यातून निरोप आला तर मी चार दिवस गेलोच नाही. तुरीचा हंगाम तोंडावर आला म्हणून आणली.

सळईवाला, जालना

काका, तो फोनवाला मीच. सगळं वाचलं. काल लावून बाजारात दोन तास फिरलो, चाचपलो नाही (दोनदाच). कुणी बघितलं नाही. फक्त न्हावी म्हणाला, "दादा, आज मान लई ताठ धरलीय, सैल सोडा."

एक विचारायचं राहिलं. उद्या ताईकडं पुरणाचा घाट आहे, खाली पाटावर पंगत. तिथं कशी लावू?

मोंढेकरी, लातूर

लावू नको. कुलपात ठेव, किल्ली खिशात घाल आणि जा. दोन पोळ्या जास्त जातील.