मदत हवी आहे: नागपूरहून लेहला बिऱ्हाड हलवायचंय

नमस्कार मंडळी. बदलीमुळे सप्टेंबरअखेर तीन वर्षांसाठी लेहला जातोय. बायको, सहा वर्षांची लेक आणि डिझेल गाडी, एमएच ३१ पासिंग.

रस्ता ठरलाय: ४४ नंबर हायवेने झाशी, आग्रा, जम्मू, श्रीनगर, पुढे झोजिला, कारगिल. मनालीकडून अंतर कमी, पण वाटेतली 'तांगलांग ला' खिंड ५,३२८ मीटरवर आहे. लेकीला घेऊन ते नकोच. कारगिलला दोन मुक्काम करून लेहच्या ३,५०० मीटरवर हळूहळू चढू. बाहेरचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, म्हणून पोस्टपेड घेतलं. गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहणार, त्यामुळे आरटीओची एनओसीही काढतोय.

गाडं अडलंय सामानावर. फ्रिज, कूलर, कपाट इथेच ठेवतोय. तरी गाद्या, भांडी, लेकीची सायकल आणि पुस्तकांची खोकी मिळून छोटा हत्ती भरेल. इथल्या पॅकर्सवाल्यांना विचारलं, जम्मूपुढे कुणी तयार नाही. पूर्ण ट्रक परवडत नाही, आणि बर्फ पडायच्या आत सामान पोचायला हवं.

तिकडे राहिलेल्यांनी सांगा: जम्मू किंवा श्रीनगरहून लेहला पार्ट लोड नेणारे ट्रकवाले कुठे गाठायचे, आणि सामान आमच्याआधी पाठवावं की मागून?