पार्किंगमधील जुने फर्निचर : 7 जूनपूर्वी काय करायचे?

(नागपुरातील एका सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा. सदस्यांच्या नावांऐवजी फ्लॅट क्रमांक दिले आहेत.)

सचिव : सर्व सदस्यांना नमस्कार. पार्किंगच्या मागील बाजूस, जिन्याखाली आणि गच्चीच्या दाराजवळ ठेवलेल्या जुन्या सामानाची काल कार्यकारिणीने पाहणी केली. एक सोफा, दोन पलंग, पत्र्याची एक आलमारी, संगणकाचे टेबल, कपड्यांचे एक मोठे कपाट, कूलरचे लोखंडी स्टँड आणि गाद्यांचा एक ढीग एवढे सामान तिथे आहे. यातील बहुतेक वस्तू ‘तात्पुरत्या’ म्हणून ठेवल्या गेल्या होत्या आणि तेव्हापासून दोन दिवाळ्या होऊन गेल्या आहेत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. जिन्याखाली फोमचा सोफा पडलेला असताना त्या संस्थेच्या माणसाला कोणत्या तोंडाने बोलवायचे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. तेव्हा मृग लागण्यापूर्वी, म्हणजे 7 जूनच्या आत, ज्याने त्याने आपले सामान हलवावे ही विनंती.

501 ताई : सचिव साहेब, हलवायला आमची ना नाही, पण ते न्यावे कोणाकडे हेही सांगावे. सोफा आणि संगणकाचे टेबल आमचे आहे. कबाडीवाल्याने कूलरचा स्टँड हसत हसत उचलला, टेबलाकडे पाहिलेही नाही आणि सोफ्यासाठी उलट आमच्याकडेच पैसे मागितले. कचरागाडीवाले ओला आणि सुका कचरा घेतात, सोफा घेत नाहीत, आणि त्यांच्या गाडीची उंची पाहता त्यांचे चूकही नाही.

402 भाऊ : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते, तोवर थांबावे. ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणताना सोफाही मागे बांधून देऊ.

204 काका : ताई, अडचण अशी आहे की आपण सगळे सामान एकाच माणसाला एकाच फेरीत देऊ पाहतो. कबाडीवाला लोखंड वजनावर घेतो. लाकूड त्याच्या कामाचे नाही, आणि फोम तर त्याच्या बंडीवरची जागा अडवतो. लाकडाचा माणूस वेगळा, गादीचा वेगळा, पत्र्याचा वेगळा. म्हणून आधी वस्तू कशाची आहे ते पाहावे आणि मग ती कोणाला द्यायची ते ठरवावे. मी आयुष्यभर लाकडाच्या कामात राहिलो असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो, कंटाळा आल्यास क्षमा असावी.

दोन पलंगांपैकी मोठा पलंग सागवानाचा आहे. वरून तो काळवंडलेला दिसतो, म्हणून कोणी त्याला विचारत नाही. परंतु पायांच्या तळाशी, जिथे पॉलिश पोचलेले नाही, तिथे पाहिले की सोनेरी-तपकिरी रंग, सरळ रेषा आणि हाताला जाणवणारा तेलकटपणा लगेच ओळखू येतो. आपल्याकडचे, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातले, आलापल्ली आणि बल्लारशाचे सागवान देशभर जाते. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी लागलेले सागवानही नागपूरहूनच गेले होते. असे लाकूड अनेक उन्हाळे-पावसाळे खाऊन मुरलेले असेल तर ते नव्या लाकडासारखे पिळत नाही किंवा तडकत नाही, आणि म्हणूनच जुन्या बैठकीच्या सुताराला ते नव्यापेक्षा अधिक आवडते. त्या पलंगाच्या फळ्यांतून चौरंग, पाट, देव्हारा, एखाद्या दाराची चौकट सहज निघेल. बाहेरचा पांढुरका भाग उदईने खाल्लेला असू शकतो, कारण सागाचा टिकाऊपणा आतल्या गाभ्यात असतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकून पाहावे, पोकळ आवाज आला तर तेवढा भाग सोडून द्यावा.

हे लाकूड विकायचे असेल तर लकडगंजातल्या लाकूडबाजारात नेण्यापूर्वी एक काम घरीच करावे. सगळे खिळे, स्क्रू आणि बिजागऱ्या काढून टाकाव्यात. आरा मशीनच्या पात्याला लाकडात लपलेला एक खिळा लागला तर पात्याचे दात जातात, आणि याच भीतीने आरा मशीनवाले जुन्या लाकडाला नाही म्हणतात. खिळे काढलेल्या, मोकळ्या फळ्या घेऊन गेलात तर बोलणे निराळे होते. फक्त घेतलेल्या किमतीचा हिशेब डोक्यात ठेवून जाऊ नये. जुन्या पलंगाला मिळणारा भाव हा त्यातल्या लाकडाचा असतो, त्यावर झालेल्या कोरीवकामाचा किंवा आपल्या आठवणींचा नसतो.

501 ताई : आणि आमचे टेबल?

204 काका : तेच सांगायचे राहिले. तुमचे टेबल आणि तिथले मोठे कपाट ही पार्टिकल बोर्डची कामे आहेत, म्हणजे लाकडाचा भुसा आणि तुकडे सरसात दाबून केलेला तक्ता, वर लॅमिनेट. प्लायवूडची कड पाहिली तर एकावर एक थर मोजता येतात आणि पुष्कळदा आतल्या बाजूला आयएस 303 किंवा आयएस 710 असा भारतीय मानकाचा शिक्का असतो. तसे असेल तर सुतार त्याचे तुकडे शेल्फला किंवा ड्रॉवरला वापरतो. पार्टिकल बोर्डचे तसे होत नाही. त्यातला स्क्रू एकदा काढला की त्याच भोकात तो पुन्हा घट्ट बसत नाही, आणि कडेला पाणी लागले की तो फुगतो व फुगलेला परत बसत नाही. म्हणून असे कपाट जागेवरून न खोलता, आहे तसेच कोणाच्या घरी गेले तरच त्याला दुसरे आयुष्य आहे. तुमचे टेबल अजून कोरडे आहे, त्यामुळे ते जूनपूर्वी एखाद्या विद्यार्थ्याला द्यावे. कपाटाच्या तळाला मागच्या पावसाळ्यातच पाणी लागले आहे. त्याचा आता उपयोग नाही.

402 भाऊ : मग ते कपाट तोडून पुढच्या होळीत टाकू. दर वर्षी वॉर्डातली पोरे लाकूड मागत फिरतातच.

103 मॅडम : भाऊ, मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, म्हणून इथे आडवी येते. पार्टिकल बोर्ड आणि स्वस्त प्लायवूड ज्या चिकट द्रव्याने धरलेले असते ते बहुतांशी युरिया-फॉर्मल्डिहाइडचे असते, वर मेलामाइनचे लॅमिनेट आणि कडांना पीव्हीसीची पट्टी. हे जाळल्यावर निघणारा धूर लाकडाचा धूर नसतो. डोळे आणि घसा जाळणारे वायू त्यातून निघतात, आणि होळीभोवती सर्वांत जवळ लहान मुलेच उभी असतात. सोफ्याचा पॉलियुरेथेन फोम तर याहून वाईट, कारण तो पेटला की कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो. जिन्याखालच्या सोफ्याबद्दल सचिव साहेब जे म्हणतात त्यामागचे खरे कारण हेच आहे. याशिवाय रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत कचरा टाकण्यास, जाळण्यास आणि पुरण्यास घनकचरा व्यवस्थापनाच्या 2016 च्या नियमांपासूनच मनाई आहे. होळीत गोवऱ्या आणि साधे लाकूड असावे, कपाट नको.

402 भाऊ : मान्य. मी विनोदाने लिहिले होते, पण मागच्या होळीत एक दिवाण गेला होता हे खरे.

302 : मला वाटते की सरसकट सगळे सामान एखाद्या आश्रमाला किंवा वसतिगृहाला दान करावे. आपली जागा मोकळी होईल आणि पुण्यही लागेल. टेम्पो ते लोक पाठवतीलच.

301 काकू : मी एका मुलींच्या वसतिगृहात दर आठवड्याला जाते, म्हणून तिथले चित्र सांगते. गाडीभर सामान दारात येते, उतरवून घेणारा माणूस कोणाला परत घेऊन जा म्हणू शकत नाही, आणि मग तुटका सोफा त्यांच्या व्हरांड्यात पडून राहतो. तो हलवायला पुढे त्यांनाच हमाल लावावा लागतो. म्हणजे आपल्याला जो खर्च करायचा नव्हता तो आपण दानाच्या नावाखाली त्यांच्या माथी मारतो. त्यांना खरी गरज असते ती लोखंडी खाटांची, सरळ पाठीच्या खुर्च्यांची, अभ्यासाच्या टेबलांची आणि कुलूप लागणाऱ्या लहान आलमाऱ्यांची. सोफे त्यांना नको असतात. वापरलेल्या गाद्या तर नकोच, कारण एका गादीतले ढेकूण सबंध खोलीभर होतात आणि वीस मुलींच्या खोलीतून ते काढणे म्हणजे काय असते ते मी पाहिले आहे. द्यायचेच असेल तर आधी फोटो पाठवून विचारावे, त्यांनी नाही म्हटले तर वाईट वाटून घेऊ नये, आणि टेम्पोचे भाडे देणाऱ्याने द्यावे. 501 ताईंचे टेबल मात्र मी विचारून पाहते. दहावीच्या मुलींना हवे असेल.

302 : काकू, मी या बाजूने विचार केला नव्हता. लोखंडी पलंग माझा आहे. तो आपण सांगाल तिथे माझ्या खर्चाने पोचवतो.

204 काका : गाद्यांबद्दल एवढेच, की त्यातल्या दोन कापसाच्या आहेत. आपल्या कापसाच्या मुलखात जुनी रुई फेकणे बरे दिसत नाही. गादी कारखान्यात ती उन्हात तापवून, पुन्हा पिंजून, नव्या खोळीत भरून मिळते. मे महिन्याच्या उन्हासारखे दुसरे औषध त्या रुईला नाही. काथ्याच्या आणि फोमच्या गाद्यांचे तसे काही होत नाही. स्प्रिंगची जी आहे ती फाडली तर तारांचे लोखंड कबाडीवाला घेईल.

401 : पत्र्याची आलमारी आमच्या सासूबाईंची आहे. कबाडीवाला वजनाने मागतो आहे. द्यावी का?

204 काका : देऊ नये. जुन्या आलमारीचा पत्रा आजच्या स्वस्त आलमाऱ्यांपेक्षा जाड असतो. गंज फक्त तळाला आणि पायांना लागला आहे. वेल्डिंगवाला तळाचा पत्रा बदलून देईल आणि रंगवल्यावर ती पुढची पंचवीस वर्षे चालेल. तुम्हाला नको असेल तर जुन्या आलमाऱ्या रंगवून विकणाऱ्याला द्यावी, तो वजनापेक्षा जास्त देतो. देण्यापूर्वी आतला चोरकप्पा उघडून पाहावा. त्यात सासूबाईंच्या मुदत ठेवीच्या पावत्या किंवा शेताचे कागद निघाले तर नंतर कबाडीवाल्याच्या मागे फिरावे लागते.

401 : काका, चोरकप्प्याची किल्लीच सापडत नाही. आता आधी किल्लीवाल्याला बोलावते.

202 : मी मोठ्या कपाटाचा फोटो जुन्या वस्तूंच्या ॲपवर टाकला होता. पाच मिनिटांत एकाचा फोन आला, लष्करात असल्याचे त्याने सांगितले, वस्तू न पाहताच पूर्ण किंमत कबूल केली आणि पैसे जमा होण्यासाठी म्हणून एक क्यूआर कोड पाठवला. मला शंका आली म्हणून मी थांबलो.

103 मॅडम : बरे झाले. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि यूपीआय पिन तर मुळीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. तुटके कपाट न पाहता पूर्ण भावाने घेणारा मनुष्य कपाटासाठी आलेला नसतो. कोणाचे पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता 1930 या क्रमांकावर तक्रार करावी.

301 काकू : आणखी एक गोष्ट मनात आहे. आपल्यापैकी काही जण नको असलेली वस्तू वॉचमन भाऊंना ‘घेऊन जा’ म्हणून देतात. त्यांची खोली एवढीशी आहे, आणि आपल्याला नाही म्हणणे त्यांना जड जाते. त्यांना विचारावे, पण नको म्हणण्याची मोकळीक ठेवून विचारावे. त्यांनी घेतली तर फ्लॅट क्रमांक घालून एक चिठ्ठी लिहून द्यावी. गेटमधून खुर्ची बाहेर नेताना त्यांच्याकडे कोणी संशयाने पाहू नये. आणि पाचव्या मजल्यावरून कपाट उतरवून द्या, असे सफाईच्या मावशींना कोणीही सांगू नये. त्यासाठी हमाल मिळतात.

सचिव : चर्चेतून बऱ्याच गोष्टी स्पष्ट झाल्या. आता पुढीलप्रमाणे करू. येत्या रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, दोन हमाल आणि एक छोटा हत्ती बोलावतो. सागवानी पलंग गेल्या वर्षी फ्लॅट विकून गेलेल्या कुटुंबाचा आहे. त्यांनी तो सोसायटीने विकावा असे फोनवर सांगितले आहे आणि तसा संदेश मी त्यांच्याकडून लिहून घेत आहे. 204 काकांनी खिळे काढण्याचे काम स्वतःहून अंगावर घेतले आहे. पक्कड आणि कटावणी ज्यांच्याकडे असेल त्यांनी त्यांच्याकडे द्यावी. लोखंडी पलंग, आणि वसतिगृहाने होकार दिल्यास टेबल, काकूंच्या मार्गदर्शनाखाली जाईल. सोफ्याची लाकडी चौकट वेगळी करू. फोम, रेक्झिन आणि भिजलेले कपाट यांसाठी मी मनपाच्या झोन कार्यालयात जाऊन, ते कुठे आणि कोणत्या शुल्काने स्वीकारतील हे विचारून येतो; जो खर्च येईल तो वस्तूच्या मालकाने द्यावा, देखभाल निधीतून तो केला जाणार नाही. रात्री कोणीतरी गुपचूप भांडेवाडीच्या कचरा डेपोच्या वाटेवर टाकून येईल, अशी व्यवस्था मला नको आहे. उन्हाळ्यात तिथे लागणाऱ्या आगींच्या बातम्या आपण सगळेच वाचतो.

202 : मोठे कपाट नेमके कोणाचे आहे? मी फोटो टाकला तो केवळ जागा मोकळी व्हावी म्हणून.

सचिव : ते 503 मधील मागच्या भाडेकरूंनी सोडून दिलेले आहे. मिहानमध्ये नोकरीला होते, बदली होऊन गेले. मालक पुण्याला असतात आणि या ग्रुपवर आहेत, परंतु सकाळपासून त्यांनी संदेश वाचलेला दिसत नाही. भाडेकरूने मागे ठेवलेल्या सामानाची जबाबदारी मालकाने घ्यावी, असे मी त्यांना आज संध्याकाळी फोनवर कळवतो. यापुढे भाडेकरू सोडताना अनामत परत करण्यापूर्वी मालकांनी पार्किंगमध्येही एक फेरी मारावी.

503 मालक : आत्ताच वाचले. कपाट भाडेकरूचे होते, परंतु खर्च मी देतो. ते काढताना भिंतीतली पाण्याची पाइप सांभाळावी, कारण कपाट तिला टेकून उभे आहे.