रमाबाई नगर १९९७: गोळीबाराआधी इशारा दिला होता का?

पूर्वद्रुतगतीवाला: रोज ऑफिसला जाताना घाटकोपरला रमाबाई नगरावरून जातो. ११ जुलै १९९७ ला तिथे पोलिसांच्या गोळीबारात १० जण मारले गेले, एवढंच माहीत आहे. जमाव पांगवायला थेट गोळ्या? लाठी, अश्रुधूर काही नाही?

विक्रोळीची मावशी: मी तेव्हा बसमध्ये अडकले होते. कंडक्टर म्हणाला, "उतरा, पुढे काही जात नाही." पावसात छत्री उलटी झाली, तशीच चालत घरी. का ते संध्याकाळी कळलं. पहाटे बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार दिसला, म्हणून लोक रस्त्यावर आले होते. गोळ्या राज्य राखीव पोलीस दलाच्या. चारच दिवसांनी या गोळीबाराने व्यथित होऊन शाहीर विलास घोगरेंनी जीव दिला, तो धक्का वेगळाच.

पूर्वद्रुतगतीवाला: पण जमाव टँकर पेटवणार होता ना?

विक्रोळीची मावशी: ती पोलिसांची बाजू. गोळीबाराच्या चौकशीसाठी नेमलेल्या गुंडेवार आयोगाने ती मानली नाही, गोळीबार असमर्थनीय ठरवला. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने त्या तुकडीच्या उपनिरीक्षकाला जन्मठेप दिली. बारा वर्षं लागली हो! पुढे उच्च न्यायालयातून जामीनही झाला.

वकीलसाहेब: कायद्यात आधी पांगण्याचा हुकूम, मग लागेल तेवढंच बळ. गोळी अगदी शेवटी.

विक्रोळीची मावशी: कागदावर सगळंच असतं, साहेब. ११ जुलैला एकदा स्मारकापाशी उतरून बघा, बायका सकाळपासून हार घेऊन उभ्या असतात.