कोसळल्यानंतरचा दुसरा दिवस

घरावर आलेले संकट कामाच्या ठिकाणी कोणाला कळू देऊ नये, हे मत मला पटत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे नौकानयनपटू दत्तू भोकनळ यांचेच पाहा. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात ते तेरावे आले, तेव्हा अपघातानंतर त्यांची आई गंभीर आजारी होती, हे आपल्या जिल्ह्यात बहुतेकांना ठाऊक आहे. मला मात्र २०१८ च्या आशियाई स्पर्धेतील दोन दिवस अधिक बोलके वाटतात. एकेरीच्या अंतिम फेरीत अंगात ताप असताना ते शेवटचे आले आणि दुसऱ्याच दिवशी तीन सहकाऱ्यांसह चौघांच्या नौकेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले. एकट्याने कोसळलेला माणूस सोबत्यांच्या साथीने सावरतो, हेच मला त्यात दिसते.

वडिलांच्या डायलिसिसच्या काळात मी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात सहा महिने अवाक्षर काढले नाही आणि एका रात्रपाळीत यंत्रात चुकीचा ऑफसेट (हत्याराच्या मापाची दुरुस्ती) भरून चाळीस नग भंगारात घालवले. तेव्हा कुठे सुपरवायझरसाहेबांना सगळे सांगितले. त्यांनी (मनसोक्त ओरडून झाल्यावर) पाळी बदलून दिली आणि पाळी सुटण्यापूर्वी प्रत्येक माप वहीत उतरवण्याची सवय लावली. वडील जाऊन तीन वर्षे झाली. वही अजून चालू आहे.