३५० किमीला सव्वा तास का लागतो?
३५० किमीचा विमानप्रवास, ताशी ५०० किमी वेग, मग ४२ मिनिटांऐवजी तिकिटावर सव्वा तास कसा, ही शंका रास्त आहे. पण तिकिटावरची वेळ नुसत्या उड्डाणाची नसते. विमान जागेवरून हललं तिथपासून उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची ती वेळ. शिवाय ३५० किमी हे सरळ रेषेतलं अंतर. प्रत्यक्षात वाऱ्याकडे तोंड करून उडायचं, मग वळून मार्गाला लागायचं. एटीआर ७२ हे पंख्यांचं छोटं प्रवासी विमान ताशी ५०० च्या आसपास जातं खरं, पण वर पोहोचल्यावर. छोट्या पल्ल्यात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो. (त्यात समोरून ताशी ५० किमीचा वारा असला की ५०० चे ४५० झालेच!) पुढचं विमान पकडायचं असेल तर वेळापत्रकातलीच वेळ धरा.