मदत हवी आहे : शाळेतल्या संगीताच्या तासासाठी गायन सुरू ठेवावे की व्हायोलिन घ्यावे?

उत्तरशोधक
नमस्कार. माझा मुलगा शाळेत गेली ३ वर्षे गायन शिकत आहे. पुढच्या सत्राचा अर्ज शुक्रवारपर्यंत द्यायचा असून त्यात गायन किंवा वाद्य यांपैकी एकच निवडता येते. तो गेल्या काही महिन्यांपासून बेसूर गातो, अशी शिक्षकांची तक्रार आहे आणि त्यालाही आता तासाला जावेसे वाटत नाही. पहिली दोन वर्षे गटात सर्वांत सुरेल तोच होता, त्यामुळे हे अचानक कसे झाले ते कळत नाही. घरी एक व्हायोलिन पडून आहे. वाद्यात स्वर आयता मिळतो, म्हणजे बेसूर होण्याचा प्रश्नच मिटेल, असे मला वाटते. कृपया गायन की व्हायोलिन एवढेच सांगावे, कारण हाताशी चारच दिवस आहेत.

चौथी_तार
मी स्वतः व्हायोलिन वाजवतो, म्हणून आधी एक गैरसमज दूर करतो. स्वर आयता मिळतो तो पेटीवर किंवा कीबोर्डवर. गिटारला पडदे असतात, त्यामुळे तिथेही बोटाला आधार असतो, पण व्हायोलिनला पडदे नसतात. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर तारेची वाजणारी लांबी साधारण ३२५ मिलिमीटर असते आणि मोकळ्या तारेनंतरचा पहिला अर्धस्वर तारेच्या वरच्या टोकापासून जेमतेम १८ मिलिमीटरवर येतो. तिथे बोट चार-पाच मिलिमीटर सरकले, तर स्वर पाव अर्धस्वराने चुकतो आणि तो कोणालाही खटकतो. थोडक्यात, कानाची जी परीक्षा गाण्यात असते तीच व्हायोलिनमध्येही असते, शिवाय गज सरळ चालवण्याची मेहनत वेगळी. तुमच्या मुलाला व्हायोलिन आवडत असेल तर ते जरूर द्यावे, परंतु बेसूरपणावरचा उपाय म्हणून देऊ नये. मुलाचे वय काय आणि घरातले व्हायोलिन कोणत्या मापाचे आहे, हे दोन्ही सांगितले नाहीत.

पहाटेचा_षड्ज
गायन मुळीच सोडू नये. आवाज बिघडला असेल तर त्यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे खर्जाचा रियाज. रोज पहाटे अर्धा तास मंद्र षड्जावर, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'सा'वर, आवाज लावून बसावे आणि हळूहळू आणखी खाली उतरावे. माझ्या गुरूंनी माझ्याकडून सहा महिने दुसरे काहीही करून घेतले नाही आणि माझा आवाज आज साठीतही टिकून आहे, तो त्याच पायावर. हल्लीच्या शालेय वर्गांत पाया घालण्याआधीच गीते बसवली जातात, हे खरे दुखणे आहे.

लयकारी
माझे मत थोडे वेगळे आहे. सूर की वाद्य हा वाद लयीनंतरचा आहे. शाळेत तबला असेल तर एक वर्ष तबला द्यावा. ज्या मुलाच्या हाताला १६ मात्रांचे आवर्तन चुकल्याशिवाय धरता येते, तो पुढे गायनाकडे जावो की व्हायोलिनकडे, कुठेही अडत नाही.

उत्तरशोधक
सर्वांचे आभार, परंतु अर्जात तबल्याचा पर्याय नाही. व्हायोलिन माझ्या बहिणीचे आहे, ती लहानपणी वाजवत असे. त्याच्या तारा आहेत, गजही आहे. माप कसे बघतात ते मला ठाऊक नाही. वाद्य कोणते, यापेक्षा निर्णय कोणता, हे मला हवे आहे.

मधली_सुट्टी
एका गोष्टीचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. आमच्या मुलीचा ३० मिनिटांचा वाद्याचा तास दर आठवड्याला गणिताच्याच तासिकेत येत असे आणि वर्षअखेरीस आम्हाला त्याची किंमत मोजावी लागली. संगीताची वेळ दर आठवड्याला पुढे सरकत राहिली पाहिजे, म्हणजे एकाच विषयाचे नुकसान होत नाही. अर्ज देण्यापूर्वी वेळापत्रक फिरते आहे की स्थिर आहे, हे लेखी विचारून घ्यावे.

समूहगान
मी शाळकरी मुलांचे गट अनेक वर्षे शिकवले आहेत, त्यामुळे निर्णय सांगण्याआधी चार प्रश्न विचारणे मला भाग आहे. मुलाचे वय किती? बेसूर म्हणजे नेमके काय होते : तो सर्व स्वर थोडे उतरे लावतो, की वरच्या स्वरांवर आवाज फाटतो, की मध्येच एकदम खाली कोसळतो? गटाची पट्टी, म्हणजे षड्ज म्हणून धरलेला पेटीवरचा स्वर, कोणती आहे? आणि तो घरी एकटा, स्वतःच्या मनाने गुणगुणतो तेव्हा सुरात असतो का? गेली दोन वर्षे सुरेल गाणारे मूल कान हरवून बसत नाही. कान तोच राहतो, बदललेले असते ते दुसरेच काहीतरी.

पहाटेचा_षड्ज
पट्टी कोणतीही असली तरी रियाज चुकत नाही. पेटीची साथ मात्र बंद करावी आणि तानपुऱ्यावरच गावे. पेटीतला शुद्ध गंधार मुळातच चढा असतो.

चौथी_तार
पेटीच्या गंधाराबद्दल तुमचे म्हणणे बरोबर आहे. समान अंतरांच्या स्वरमालेतला गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) येतो आणि तानपुऱ्याशी जुळणारा स्वयंभू गंधार ३८६ सेंटच्या आसपास असतो, म्हणजे दोघांत सुमारे १४ सेंटचा फरक आहे. परंतु वर्गात शिक्षकांच्या नजरेत भरणारा बेसूरपणा १४ सेंटचा नसतो. त्यासाठी मुलाला पेटीपासून दूर केल्याने काहीही साधणार नाही.

उत्तरशोधक
समूहगान यांच्या प्रश्नांची उत्तरे देतो. काल रात्री त्याला जवळ बसवून विचारले. गटाची पट्टी काळी पाच, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पाचवी काळी पट्टी, आहे आणि गेली तीनही वर्षे तीच आहे. वर तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, जाताना आवाज फाटतो, कधी एकदम खाली जातो, आणि मग बाकीची मुले हसतात. म्हणून गेल्या महिन्यापासून तो नुसते ओठ हलवतो, हे मला कालच कळले. स्नानगृहात गातो तेव्हा मला तरी सुरेल वाटते, फक्त आवाज जाड येतो. वय १३ पूर्ण आहे. हे आधीच सांगायला हवे होते, मला ते महत्त्वाचे वाटले नव्हते.

समूहगान
वय हेच या धाग्याचे उत्तर आहे. तुमचा मुलगा बेसूर झालेला नाही, त्याचा आवाज फुटतो आहे. मुलग्यांमध्ये हे बहुधा १२ ते १४ या वयात सुरू होते. स्वरयंत्र वाढते, स्वररज्जू लांब आणि जाड होतात आणि आवाज सरतेशेवटी सुमारे एक सप्तक खाली येऊन स्थिरावतो. मुलींचाही आवाज या वयात बदलतो, पण तो दोन-तीन स्वरच खाली येत असल्यामुळे वर्गात कोणाच्या लक्षात येत नाही. मुलग्यांचा बदल काही महिन्यांपासून दोनेक वर्षांपर्यंत चालतो आणि त्या काळात गळ्याचा आवाका आक्रसतो. वरचे स्वर जातात, खालचे अजून पक्के झालेले नसतात आणि मध्ये दीड-पावणेदोन सप्तकांऐवजी एखादेच सप्तक हाताशी राहते. या स्थितीतल्या मुलाला काळी पाचमध्ये गायला लावणे म्हणजे गेल्या वर्षीचे बूट घालून पळायला लावण्यासारखे आहे.

पूर्वी अनेक शिक्षक या काळात गाणे संपूर्ण बंद करायला सांगत. अमेरिकेतील संशोधक जॉन कुक्सी यांनी १९७०च्या दशकात या बदलाचे टप्पे मांडले. मुलाने गात राहावे, मात्र त्या-त्या टप्प्यावर जेवढे स्वर सहज लागतात तेवढ्यातच गावे, ही दृष्टी त्यानंतर बऱ्याच ठिकाणी रुजली. माझा अनुभवही त्याच बाजूचा आहे. ज्या मुलांना आम्ही वर्षभर गप्प बसवले, त्यांपैकी फारच थोडी परत गाण्याकडे आली. ज्यांना त्यांच्या गळ्याला मानवेल अशी पट्टी दिली, ती मात्र टिकली.

आज घरी एक करून पाहावे. त्याला नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात दहापासून एकपर्यंत उलटे आकडे मोजायला सांगावे आणि तो स्वर पेटीवर किंवा फोनमधल्या स्वरमापकावर शोधावा. बोलण्याचा स्वर साधारणपणे त्याच्या सर्वांत खालच्या स्वराच्या तीन-चार अर्धस्वर वर असतो. तिथून वर जाताना कोठपर्यंत आवाज न ताणता जातो, ते पाहावे. षड्ज कुठे धरायचा, ते यावरून ठरवता येईल. आणि पहाटेच्या खर्जाचा सल्ला कृपया आत्ता अमलात आणू नये. आवाज खाली उतरत असताना त्याला आणखी खाली ढकलण्याची सवय लागली, तर गळा आवळून जाड आवाज काढण्याचा दोष पक्का होतो.

पहाटेचा_षड्ज
मी स्वतः विसाव्या वर्षी शिकायला सुरुवात केली, हे येथे नमूद करायला हवे. १३ वर्षांच्या गळ्याचा विचार मी केला नव्हता. तरीही, दाब न देता, लागेल त्या खालच्या स्वरावर शांतपणे ठेहराव करणे हानिकारक आहे, हे मला मान्य नाही.

समूहगान
दाब न देता, पाच-दहा मिनिटे आणि लागेल त्याच स्वरावर, एवढ्या तीन अटी पाळल्या तर माझाही विरोध नाही. आपल्या पहिल्या प्रतिसादात त्या अटी नव्हत्या आणि वाचणाऱ्या पालकाला त्या आपोआप सुचणार नाहीत.

मधली_सुट्टी
घसा बसणे आणि आवाज फुटणे यांतला फरक पालकांनी कसा ओळखावा? आम्हाला मुलीच्या बाबतीत तो कळला नव्हता.

समूहगान
फुटणारा आवाज कधी चांगला लागतो, कधी घसरतो, आणि त्याने दुखत नाही. आवाज सतत घोगरा राहिला, बोलताना वेदना झाली किंवा तीन-चार आठवड्यांत सुधारणा दिसली नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

चौथी_तार
व्हायोलिनचा पर्याय अजूनही विचारात असेल तर माप पाहण्याची रीत सांगतो. वरचे मुडपलेले टोक सोडून आणि मान वगळून फक्त खोक्याची लांबी मोजावी. पूर्ण मापात ती सुमारे ३५६ मिलिमीटर असते. दुसरी रीत अशी की व्हायोलिन हनुवटीखाली धरून डावा हात पुढे लांब करावा. टोक तळहातात आले आणि कोपर किंचित वाकलेले राहिले, तर वाद्य हाताला योग्य आहे. १३ वर्षांच्या मुलाला बहुधा पूर्ण मापाचे लागते. लहान वाद्यावर बोटे एकमेकांवर चढतात आणि मग तो तिथेही बेसूर ठरेल, दुसऱ्यांदा, स्वतःचा काहीही दोष नसताना.

उत्तरशोधक
मोजले. खोके ३१ सेंटिमीटर भरले. बहीण तेव्हा ९ वर्षांची होती, हे आता आठवले.

चौथी_तार
म्हणजे ते अर्ध्या मापाचे आहे. तुमच्या मुलासाठी त्याचा उपयोग नाही.

लयकारी
या काळात वाद्य शिकण्याचा एक लाभ मात्र खरा आहे. गळा साथ देत नसताना मुलाचा संगीताशी संबंध हातांमार्फत टिकतो. माझा तबल्याचा आग्रह मी मागे घेतो, पण एवढे म्हणणे कायम ठेवतो.

उत्तरशोधक
आज बुधवार. समूहगान यांनी सांगितल्याप्रमाणे आकडे मोजून पाहिले. खाली मंद्र धैवतापर्यंत आणि वर तार षड्जापर्यंत त्याचा आवाज न ताणता जातो, असे पांढरी तीनमध्ये दिसले, तेही पेटीच्या खालच्या सप्तकात. त्या पट्टीत त्याने मागच्या वर्षीचे पूर्ण गीत म्हटले आणि एकही स्वर घसरला नाही. म्हणून झाल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने तेच गीत पुन्हा म्हटले. मी बाहेरच्या खोलीत गेलो, कारण गेले तीन महिने त्याला "नीट लक्ष दे" असे मीच सांगत होतो.

त्यानंतर शिक्षकांना दूरध्वनी केला. त्यांच्या गटात ११ मुले असून आवाज फुटण्याच्या वयाचे मुलगे त्यांत दोनच आहेत. पट्टी बदलायला त्यांची हरकत नाही, परंतु दोघांसाठी उरलेल्या नऊ जणांची पट्टी कशी उतरवायची, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो मला रास्त वाटतो. त्यावर काही मार्ग आहे का? अर्जात मी गायनच लिहिणार आहे, एवढे ठरले आहे.

समूहगान
उरलेल्यांची पट्टी उतरवण्याची गरज नाही. काळी पाचमध्ये तुमच्या मुलाला गटाचा मध्य षड्ज ते मध्यम हा टप्पा सहज मिळतो, कारण पेटीच्या पांढरी तीनच्या मोजणीने हे स्वर तीव्र मध्यमापासून शुद्ध निषादापर्यंत येतात आणि तो तार षड्जापर्यंत जातो. गटाच्या पंचमासाठी त्याला त्या तार षड्जाच्या पलीकडे अर्धस्वर ताणावा लागेल, पण रोजच्या गाण्यात मध्यमापर्यंतचे स्वर तो न घसरता लावील. तेव्हा त्या दोघांना त्या टप्प्यातल्या ओळी, ध्रुवपदाचा खालचा भाग आणि षड्ज व मंद्र पंचम यांचा धरून ठेवलेला आधारस्वर द्यावा, अंतऱ्याचे वरचे स्वर इतरांनी गावेत. आठवड्यातून दहा मिनिटे त्या दोघांना एकत्र, त्यांच्या पट्टीत गाऊ द्यावे. दर सहा आठवड्यांनी दोघांचाही आवाका नव्याने तपासावा, कारण आज पांढरी तीन आहे म्हणून सत्राच्या शेवटी तीच राहील असे नाही.

उत्तरशोधक
हा प्रतिसाद जसाच्या तसा शिक्षकांना पाठवला. दुसऱ्या मुलाच्या पालकांनाही दाखवतो, कारण त्यांनी त्याचे नाव गायनातून काढायचे ठरवले आहे आणि शुक्रवार त्यांच्यासाठीही शेवटचाच दिवस आहे.