व्हाय-व्हाय केलं की शेवटी ऑपरेटरच का सापडतो?

चाकणचा_क्यूए
आमच्याकडे (गाड्यांचे पार्ट करणारं मध्यम युनिट, नाव नको) कस्टमरकडून ४६ नग परत आले. बोअर (पार्टमधलं भोक) ओव्हरसाइज. व्हाय-व्हायची मीटिंग बसली, म्हणजे मूळ कारण सापडेपर्यंत पाचेक वेळा 'का' विचारत जायचं. बोअर मोठं का? इन्सर्ट (कापायचं पातं) बदलल्यावर ऑफसेट (पात्यासाठी मशीनला भरायचा आकडा) चुकला. का? पहिला नग नीट तपासला नाही. का? ऑपरेटरचं दुर्लक्ष. झालं! तिसऱ्याच 'का'ला सगळ्यांनी डायऱ्या मिटल्या. ॲक्शन काय, तर ट्रेनिंग दिले, हजेरीपत्रकावर सह्या घेतल्या. ३ महिन्यांत तोच पार्ट, तीच रात्रपाळी, तोच लोचा.

मग दोन रात्री मशीनजवळ जाऊन उभा राहिलो. पोरगा पहिला नग तपासत होता की! पण व्हर्नियरने. २० मायक्रॉनचा फरक व्हर्नियरला काय कळणार? गो-नोगो गेज (भोक मापात आहे की नाही, एवढंच सांगणारं) क्वालिटीच्या कपाटात, कपाटाला कुलूप, चावी जनरल शिफ्टवाल्याच्या खिशात, त्याच्या घरी. कुलूप कशाला, तर मागे एक गेज हरवलं तेव्हा सुपरवायझरच्या पगारातून पैसे कापले होते. मीटिंगमध्ये हे कुणी बोललं नाही, कारण कापणारे साहेब समोरच बसलेले. माझं मत: व्हाय-व्हायला साहेब नकोतच.

भोसरीचा_मालक
पटत नाही. कस्टमरला २४ तासांत पहिलं उत्तर लागतं. त्यात 'आम्ही पगार कापला म्हणून' असं लिहू का? आणि व्हर्नियरने भागत नाही हे त्या पोराला ठाऊक नव्हतं? तोंड उघडायला काय झालं होतं? सगळं सिस्टिमवर ढकललं की जबाबदार कुणीच नाही. शिवाय साहेब बाहेर बसले, तर दुसऱ्या गेजच्या खर्चाला हो कोण म्हणणार?

तेलकट_हात
टोयोटाची उत्पादनपद्धत घडवणाऱ्या ताइइची ओनोंचं उदाहरण आठवा. मशीन बंद, कारण लोड येऊन फ्यूज उडाला. बेअरिंगला वंगण पुरेना. पंप तेल ओढेना. पंपाचा शाफ्ट झिजलेला. का, तर गाळणी नव्हती, धातूचा कीस आत गेला. पाचही उत्तरांत माणूस नाही! आपण फिशबोन (कारणं माशाच्या काट्यांसारखी मांडायची आकृती) काढताना पहिलं हाड 'मॅन'चं काढतो आणि पेन तिथेच अडकतं.

हिंजवडी_फेज३
काका, पंपाला पगार कापायची भीती नसते. माणसाला पाचदा 'का' विचारलं की उलटतपासणी होते. आमच्याकडे सर्व्हर झोपला की रिव्ह्यूत 'का केलंस' विचारत नाहीत, 'तेव्हा स्क्रीनवर काय दिसत होतं' विचारतात. लोक बोलतात तरी.
आणि मूळ कारण एकच असतं हे कुणी ठरवलं? क्यूए, कपाटाची गोष्ट झकास आहे, पण ४६ नग गेटबाहेर गेलेच कसे? फायनल इन्स्पेक्शन काय करत होतं?

चाकणचा_क्यूए
हे लागलं. डिस्पॅचची घाई होती म्हणून फायनलचं सॅम्पलिंग कमी केलं होतं. सही माझीच. त्या मीटिंगमध्ये मीही होतो, आणि गप्प होतो.

भोसरीचा_मालक
म्हणजे फक्त साहेबांना बाहेर काढून भागणार नाही तर! असो. गेज आता कुठे असतं?

चाकणचा_क्यूए
कपाटातच. चावी रात्रपाळीच्या सेटरकडे (मशीन लावून देणाऱ्याकडे). पगारकपातीचा विषय अजून कुणी काढलेला नाही. सोमवारी मीच काढणार आहे.